दुसऱ्याच्या पदराची दशी

एकदा काय झालं, एका राजाच्या राज्यात, नदीच्या काठाला, भिवा माळी राहायचा. राजाचं नाव विचारू नका, त्याचं या गोष्टीत काही काम नाही. काम आहे ते माळ्याच्या घरात. भिवा, त्याची बायको येसू, त्यांची मुलगी गोजरा, आणि भिवाच्या वारलेल्या भावाची बायको, म्हणजे गोजराची काकी. चारच माणसं. आपापलं पांघरूण घ्या बघू. गुंड्या, ताईचं ओढायचं नाही.

तर ही गोजरा. कामाला वाघीण, पण कपड्यांचं भारी वेड. आणि तिचं दुखणं एकच. कामाचं लुगडं वेगळं नि मिरवायचं वेगळं. मिरवायचं म्हणजे एक इरकली, तेही पेटीत घडी घालून ठेवलेलं. वर्षातून दोनदा अंगाला लागलं तर लागलं. कामाचं म्हणजे जाडंभरडं, मातकट, काष्टा मारून वर खोचलेलं. खुरपताना गुडघा टेकून टेकून ते गुडघ्यावरच फाटलं होतं. तिथं आईनं आपल्या जुन्या लुगड्याचं ठिगळ लावलं होतं, चांगलं हाताएवढं.

बाजारात फुलं विकायला बसली की इतर पोरी त्या ठिगळाकडं बघून फिदीफिदी हसायच्या. गोजराला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

“आई, काम करताना माणसानं चांगलं दिसूच नये का गं?”

आई म्हणायची, “चिखलाला काय दाखवायचंय बाई? बसता येतं, उठता येतं, झालं तर.”

मला विचाराल तर गोजराचं इथं काही चुकलं नव्हतं. चांगलं दिसावंसं कुणाला वाटत नाही? चुकलं ते पुढंच.

त्या गावात एक रीत होती बरं का. अमावास्या सरली की बीजेला, दिवेलागणीच्या वक्ताला, मावळतीला चंद्राची बारीक कोर दिसते. जराशी दिसते नि डोंगरामागं जाते. ती दिसली की अंगावरच्या कपड्याची एक दशी काढायची. दशी म्हणजे पदराच्या टोकाचा सुटा दोरा. तो कोरेकडं फेकायचा नि म्हणायचं, “चांदोबा, जुनं घे, नवं दे.” सगळे म्हणायचे. दोरा खाली मातीत पडायचा, सगळे हसायचे नि जेवायला बसायचे. नवं काय, कधीतरी बाजारातनं यायचंच.

फक्त एक होतं. दशी ज्याची त्यानं काढायची. दुसऱ्याची नाही. का, ते कुणी सांगत नसे.

एका बीजेला गोजरा अंगणात उभी राहिली. तिनं विचार केला, कामाच्या लुगड्याची दशी दिली तर हा चांदोबा पुन्हा असलंच मातकट देईल. इरकलीची काढवत नाही, टोक उसवेल. एवढ्यात तिला दांडीवर काकीचं लुगडं वाळताना दिसलं. काकीला हिरव्याची भारी आवड, लोक काही म्हणोत, हिरव्याशिवाय अंगाला लावायची नाही. गोजरानं इकडं तिकडं पाहिलं. हळूच एक हिरवी दशी उपसली नि फेकली. “चांदोबा, जुनं घे, नवं दे.”

आणि दोरा खाली पडलाच नाही.

तिनं पायाशी बघितलं, तुळशीपाशी बघितलं. नाही. वर बघितलं, तर हिरवा दोरा सरळ वर चालला होता. वारा नव्हता की काही नव्हतं. कुणीतरी वरून ओढून घ्यावा तसा जात होता. गोजराच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती घरात पळाली नि आईला चिकटून बसली.

सकाळी दांडीवर नवंकोरं हिरवं लुगडं. काय त्याचा पोत! चिखलात बसली तरी डाग नाही, काट्यात शिरली तरी ओरखडा नाही. काष्टा मारला की असा बसायचा, की बाजारातल्या पोरी बघतच राहिल्या. मग गोजरानं काय केलं? आपलं ठिगळाचं लुगडं नेलं नि वांग्याच्या वाफ्यातल्या बुजगावण्याला नेसवून टाकलं. दोन काठ्या, वर मडकं, मडक्याला चुन्याचे डोळे. “घे, तुलाच शोभतंय,” म्हणाली.

त्या दिवसापासून काकीला थंडी वाजायला लागली. भर उन्हात वाजायची. संध्याकाळी काकीनं वाऱ्यानं विझू नये म्हणून दिव्याआड हात धरला, नि गोजराला हातातून पलीकडची ज्योत दिसली. विरलेल्या कापडातून दिसते ना, तशी. गोजरानं डोळे चोळले. म्हणाली, मला भास झाला.

मग दुसरी बीज आली. जत्रा तोंडावर आलेली. कामाचं झकास झालं, आता जत्रेचं हवं. जेवताना बापानं डोक्याचं लाल मुंडासं काढून बाजूला ठेवलं होतं. भिवाचं सगळं आयुष्य पंच्यावर गेलं, पण बाजाराला जाताना मुंडासं लालच लागायचं, तेवढी एकच हौस. गोजरानं त्याची दशी काढली. या खेपेला फेकायचीही गरज पडली नाही. हातातून हिसकल्यासारखी गेली.

सकाळी लाल लुगडं, काठाला सोनं. जत्रेत माणसं वळून वळून बघत होती. राणीची दासी थांबली. म्हणाली, “पोरी, पुढच्या महिन्यात वाड्यावर ये. सकाळी बागेत फुलं खुडायची, तशीच येऊन दरबारात हार द्यायचे. मध्ये कपडे बदलायला वेळ नाही हं. दोन्हीकडं शोभेल असं नेसून ये.”

गोजरा नाचत घरी आली. बाप वाफ्यातून चालत येत होता. वाफा नुकता शिंपलेला, ओला. आणि त्यात बापाचं एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

मग वाऱ्याची एक झुळूक आली, नि अंगणात बसलेली काकी उचलली गेली. गेली ती दांडीवर जाऊन पडली. वाळत घातलेल्या कपड्यासारखी लोंबत राहिली. येसू रडत रडत धावली, तिला उतरवलं, नि तिच्या पदरावर वरवंटा ठेवला. उडून जाऊ नये म्हणून.

आता गोजराला कळलं नव्हतं असं नाही म्हणायचं. कळलं होतं.  पण हिरवं दरबारात चालत नाही नि लाल बागेत चालत नाही. ती स्वतःला म्हणाली, आता एकदाच. मग कधी नाही.

तिसऱ्या बीजेला आई उंबऱ्यात बसली होती. गोजरा तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. आई तिच्या केसांतून हात फिरवत होती. आणि गोजरानं आईच्या पदराची दशी ओढली. अंगावरच्या पदराची! आई नुसती “अगं आई गं” म्हणाली, काटा मोडल्यासारखी. दोरा वर गेला.

सकाळी आली चंद्रकळा. काळीभोर, मऊशार, अंगभर बारीक ठिपके चमकताहेत. बागेतही शोभेल, दरबारातही शोभेल. गोजरानं नेसली नि वाड्यावर गेली.

सगळे म्हणाले, काय सुरेख लुगडं! राणी म्हणाली, दासी म्हणाली, प्रधान म्हणाला. पण गोजराला कुणी “ये” म्हटलं नाही, “बस” म्हटलं नाही, नाव विचारलं नाही. ती बोलली तरी सगळ्यांचे डोळे पदरावर. खांबावर लुगडं टांगलेलं असावं, तसे तिच्याभोवती फिरून बघायचे नि निघून जायचे.

ती घाबरली. घरी पळत आली. वाटेत वांग्याचा वाफा. तिथं आई उभी होती. आई कसली, आईची सावलीच ती, आरपार पलीकडची झाडं दिसत होती. आणि आई बुजगावण्याला म्हणत होती, “गोजरा, चल बाई जेवायला. किती वेळ उन्हात उभी राहशील?”

“आई, मी इथं आहे!” गोजरा ओरडली.

आईनं वळून पाहिलं. म्हणाली, “कुणाची चंद्रकळा गं ही? छान आहे.” आणि पुन्हा बुजगावण्याच्या गुडघ्यावरचं ठिगळ नीट करायला वाकली.

बुजगावण्याचे चुन्याचे डोळे होते ना, ते गोजराकडं फिरले. हो, फिरले. जवळ सरका, मी आहे.

गोजरानं चंद्रकळा सोडायला घेतली. टोकच सापडेना. काष्टा नाही, पदराचा शेवट नाही, नुसतं कापड नि कापड. ओढली की आणखी आवळायची. ती धाय मोकलून रडली. काकीच्या पायाशी जाऊन पडली. सगळं सांगितलं.

काकी कापड सळसळावं तशा आवाजात म्हणाली, “माझी दशी तू काढलीस, ते मला त्याच दिवशी कळलं होतं गं. चांदोबा माणूस ओळखत नाही. दोरा ओळखतो. ज्याचा दोरा, त्याला जुनं समजून नेतो. आता तुझा स्वतःचा दे.”

“माझा? काकी, माझ्या अंगावर माझं काहीच नाही गं!”

काकीला पुढं बोलायचं बळ नव्हतं.

तो महिना कसा गेला ते गोजरालाच ठाऊक. तिघांच्या पदरांवर, पंच्यावर दगड ठेवायचे, दारं लावून घ्यायची, वारा आला की तिघांना कवटाळून बसायचं. भरवायला गेली की आई म्हणायची, “आधी माझ्या गोजराला दे.” रोज आई थोडी थोडी विरत चालली. शेवटी शेवटी तर नुसता आवाज नि बांगड्या.

बीज आली. आभाळ भरलेलं. गोजरा वाफ्यात पळाली. पेटीतलं इरकली नुसतं मिरवायचं, त्याला ना तिचा घाम लागलेला ना माती; खरं तिचं म्हणावं असं जगात एकच उरलं होतं, बुजगावण्याच्या अंगावरचं. तिनं त्या लुगड्याला हात घातला, नि काठीचा हात खाली आला. तिच्या मनगटावर बसला. घट्ट. मडक्याचं तोंड तिच्या तोंडापाशी आलं. ते तोंड तिच्यासारखंच झालं होतं, नाक, हनुवटी, सगळं.

गोजराला पळावंसं वाटलं. पण घरातून आईच्या बांगड्यांचा आवाज येत होता, नि तोही कमी कमी होत होता.

“दे माझं,” ती म्हणाली. “यात माझा घाम आहे. इथं मी गुडघा टेकते. हे ठिगळ माझ्या आईनं मला लावलंय, तुला नाही.” आणि तिनं त्या ठिगळावर गाल टेकला, ज्या ठिगळाची तिला लाज वाटायची त्याच्यावर, नि हमसून हमसून रडली.

काठीची पकड सुटली. ढग जरासा सरकला. कोर डोंगराला टेकलेली, आता गेली की गेली. गोजरानं त्या मातकट लुगड्याची दशी काढली नि होता नव्हता तेवढा जोर लावून फेकली. ओठांवर नेहमीचे शब्द आले होते. ते तिनं गिळले. आणि ओरडली, “चांदोबा, नवं घे! जुनं दे! माझं सगळं जुनं मला परत दे!”

दोरा वर गेला. मग सर्रर्र करत चंद्रकळा उसवायला लागली. एक एक धागा अंगातून उपसावा तसा निघत होता. गोजरानं दात आवळले, ठिगळाचं लुगडं छातीशी धरलं, पण हूं की चूं केलं नाही. दांडीवरचं हिरवं गेलं, पेटीतलं लाल गेलं. कोर मावळली. काळोख झाला. बुजगावणं धप्पकन पडलं, मडकं फुटलं, आत काही नव्हतं.

गोजरानं अंधारात चाचपडत आपलं लुगडं नेसलं नि घराकडं निघाली. घराचं दार उघडलं. दारात दिवा घेऊन आई. धडधाकट. जड. दिव्याचा उजेड तिच्यावर अडत होता.

“गोजरा, कुठं होतीस गं? जेवायची वेळ झाली.”

गोजरानं तिला अशी मिठी मारली, की दिवा विझला. आत बाप मुंडासं शोधत होता नि काकी म्हणत होती, काय बाई आज उकडतंय.

फक्त आईची डाव्या हाताची करंगळी तेवढी तशीच राहिली. दिव्यापाशी धरली की ज्योत आरपार दिसायची. आईनं कधी विचारलं नाही. गोजरानं एक दिवस आपण होऊन सगळं सांगितलं. मग आईनं तिला नवं लुगडं घेऊन दिलं बरं का, कामालाच, लाल काठाचं, गुडघ्याला दुहेरी. माणसानं कामातही चांगलं दिसावं, म्हणाली, पण आपलं आपण. आणि गोजरा पुढं रोज निजताना आईची ती करंगळी मुठीत धरून निजायची.

मग ती चारही माणसं सुखानं राहिली, पोटभर जेवली, गाढ झोपली. तुम्हीही निजा आता, डोळे मिटा.

आणि गुंड्या, ताईच्या पांघरुणाची ती दशी सोड आधी.