मामंजींना येत नाही ते

कुठला माल किती उरलाय, हे फक्त मामंजींच्या डोक्यात. त्यामुळे त्यांना किराणा दुकान सोडवेना, आणि खंडोबाची पूजा तर जोडीनं करायची. सासूबाईंची जेजुरी अकरा वर्षं राहिली होती.

ह्यांनी मालाची नोंद ठेवणारं स्कॅनर आणलं. मामंजी कडाडले, "ह्या डबड्याला येतं आणि मला येत नाही, असं एक तरी सांगा! नाहीतर परत करा."

हे स्कॅनर परत खोक्यात घालू लागले. चहा देता देता मीच म्हणाले, "मामंजी, तुम्ही जेजुरीला गेलात की तुमचं डोकंही जाणार. हे इथं दुकानात राहील."

मामंजींनी सावकाश चहा संपवला. "सूनबाई, ह्या डबड्याला शिकवून ठेव सगळं."

जेजुरीहून आल्यावर सासूबाईंनी माझ्या कपाळाला इतका भंडारा लावला, की लग्नातली हळद फिकी पडली.