जोरदार फवारा

बऱ्याच वर्षांपूर्वी दगडखाणीच्या वाटेवर ट्रक धुण्याची एक जागा होती. तिथल्या फवाऱ्याला आपल्या जोराचा भारी अभिमान. चिखलाने माखलेल्या ट्रकांची रांग लागली, तसा तो सगळ्यात पुढच्या, शेवंता नावाच्या ट्रकवर तुटून पडला. वाळलेला चिखल हलला नाही, पण दारावर रंगवलेलं तिचं नाव मात्र सोलून निघालं. शेवंता कळवळली. मागचे ट्रक बिचकले.

फवारा चरकला. फेसाच्या पंपाला म्हणाला, "दादा, आधी तुम्ही."

"सगळ्या रांगेला फेस लावतो. पण चिखल भिजेपर्यंत तुला थांबावं लागेल."

फवारा थांबला. शेवटच्या ट्रकला फेस लागेपर्यंत पुढच्यांचा चिखल सुटत आला होता. मग त्याने जोर कमी करून पाणी सोडलं.

"झालं एवढ्यात?" शेवंतामागच्या ट्रकने विचारलं. "मला तर काहीच लागलं नाही."

फवाऱ्याला शेवंताकडे बघवेना.