सायाळीच्या मागची सीट

डांबरी रस्ता येऊन पोहोचला होता अशा एका जंगलात एक सायाळ राहत असे. वयाने ना धड तरुण, ना धड म्हातारी. म्हणजे मुलांनो, आरशासमोर पोट आत ओढून घ्यायचं आणि आरसा सोडला की विसरून जायचं, त्या वयाची. तुमच्या घरात कोणी असेल तर हसू नका, त्यांना कळतं. तर या सायाळीकडे एक जुनी मोटारसायकल होती. सीट लांबलचक आणि सपाट, हँडल उंच, आवाज जात्यासारखा घरघर. तिच्यावर ताठ बसून सायाळ रोज सकाळी ओढ्याकाठच्या बाजारात कंद विकायला जायची, आणि मागे बसायची तिची मैत्रीण, चिचुंद्री.

सायाळीजवळ काट्यांमुळे कोणी बसत नसे आणि चिचुंद्रीजवळ वासामुळे. गाडीवर मात्र दोघींची छान सोय लागायची. सायाळ ताठ बसली की तिचे काटे पाठीला चिकटून निजायचे; मध्ये गोणपाटाची एक घडी ठेवली की झालं. आणि चिचुंद्री मागे असल्यामुळे वारा तिचा वास मागच्या मागे घेऊन जायचा. चिचुंद्रीला लांबचं दिसत नसे, म्हणून वाटेत काय काय चाललंय ते सायाळ सांगायची.

"मोराने आज पुन्हा पिसारा फुलवलाय गं. समोर कोणी नाही. एक म्हैस आहे, तीही चरतेय."

"म्हशीला तरी आवडू दे," चिचुंद्री म्हणायची आणि मग घरचं सगळं सांगत सुटायची. नवरा कसा घोरतो, सासूने कोणता किडा लपवून ठेवला, कोण रुसलं, कोण मानलं. गाडी इतकी हळू चालायची की सासूचं अख्खं भांडण बाजार यायच्या आत मिटलेलं असायचं.

पण एक दिवस चढावर कोल्ह्याची दोन पोरं नव्या कोऱ्या गाड्या घेऊन बाजूने सूं करून गेली. जाता जाता एकाने मान वळवून विचारलं, "काकू, मागून ढकलू का?"

ढकलण्याचं सायाळीला काही वाटलं नाही. काकूचं वाटलं. त्या दिवशी कंद विकताना तिने दोनदा चुकीचं माप घातलं, आणि घरी जाताना चिचुंद्रीला म्हणाली, "मी गाडी बदलावी म्हणते. जरा पळणारी घ्यावी."

"पळून जायचंय कुठे?" चिचुंद्रीने विचारलं. "बाजार तर तिथेच आहे."

"तसं नाही गं. आयुष्यात एकदा तरी."

"मग बघायला जाऊ की," चिचुंद्री म्हणाली. "मीही येते. मला दिसणार नाही, पण सीट कशी आहे ते बसून सांगेन."

गाड्यांचं दुकान माकडाचं होतं. माकड तसं सरळ होतं. सायाळीची नजर लाल गाडीवर खिळलेली पाहून त्याने ती बाहेर काढून दिली. टाकी फुगीर, हँडल खाली, बसणाऱ्याला पुढे ओणवं व्हावं लागे. मागची सीट उंचावर आणि जेमतेम पुरीएवढी.

"ताई, एक विचारतो," माकड म्हणालं. "तुमच्या मागे रोज कोणी बसतं का? बसत असेल तर ही घेऊ नका. ही एकट्याची गाडी आहे. आणि आपल्या रस्त्यावर म्हशी आणि खड्डे सोडून काही नाही, तिथे ही तिसऱ्या गिअरच्या वर जाणार नाही. नंतर माझ्या नावाने ओरडू नका."

तेवढ्यात हवा भरायला आलेली कोल्ह्याची पोरं नाक वर करून हुंगत म्हणाली, "माकडकाका, दुकानात काही मेलंय का हो?" आणि एकमेकांकडे बघून फिदीफिदी हसली.

सायाळीचे कान गरम झाले. दोन हातांच्या अंतरावर चिचुंद्री लाल गाडीचं चाक नाकाने चाचपत होती. सायाळीने तिच्याकडे पाहिलं नाही. "नाही हो," ती माकडाला म्हणाली, "मागे तसं कोणी नसतं. वाटेत भेटलं तर सोडते कोणाकोणाला, इतकंच."

चिचुंद्रीला दिसत नसलं तरी ऐकू मात्र अगदी स्वच्छ येतं. तिचं नाक चाकावर एक क्षण थांबलं. मग ती वळून म्हणाली, "घे गं. टायर चांगला जाड आहे."

जुनी गाडी बदल्यात दुकानात ठेवून सायाळ नव्या गाडीवर बसली. मागे चिचुंद्री कशीबशी चढली. सायाळ ओणवी झाली, आणि तिचे सगळे काटे उठून मागच्या बाजूला रोखले गेले. त्यात गाडी अशी गुरगुरली की सायाळ स्वतःच दचकली आणि काटे आणखीच ताठ झाले.

"अगं, जरा सरळ बस की. नाकात जातायत."

"सरळ बसले तर हात पुरत नाहीत," सायाळ ओरडून म्हणाली. वाऱ्यामुळे ओरडूनच बोलावं लागत होतं.

पहिल्याच वळणावर चिचुंद्रीने गाडी थांबवायला सांगितली. "मी आपली चालत जाते. वाटेत किडेही मिळतील." ती उतरली, आणि खरं सांगायचं तर सायाळीला हायसं वाटलं. मोकळा रस्ता समोर होता. तिने मूठ पिळली, कान मागे गेले, झाडं सरसर सुटली, आणि पुढच्या मोठ्या जांभळाच्या झाडापर्यंत ती या जंगलातली सगळ्यात तरुण सायाळ होती. जांभळाखाली म्हशी बसल्या होत्या. तिथे ती थांबली, आणि म्हशी उठेपर्यंत तशीच ओणवी बसून राहिली.

पुढे रोज तेच होऊ लागलं. पळायला सुरुवात केली की खड्डा यायचा, खड्डा संपला की कोंबड्या यायच्या. मनगटं दुखायला लागली, कंबर धरली, इंजिनाने पोटऱ्या भाजल्या. कंदांची पाटी बांधायला जागा नव्हती, म्हणून ती गळ्यात अडकवावी लागे. बाजारात ती पूर्वीइतक्याच वेळात पोहोचायची, फक्त दमून. आणि कोल्ह्याची पोरं आता मागून हॉर्न वाजवून म्हणायची, "काकू, साइड द्या."

रस्त्याकडेच्या दगडी बांधाच्या पायथ्याने चिचुंद्री चालत जाताना कधीमधी दिसायची. थांबावं असं सायाळीला दर वेळी वाटे. पण मागे कोणीतरी हॉर्न वाजवत असे, किंवा नुकताच कुठे जरा मोकळा रस्ता मिळालेला असे. मग ती जाता जाता नुसता हात करायची. चिचुंद्रीला एवढ्या लांबचं दिसत नाही, हे तिला थोडं पुढे गेल्यावर आठवायचं. उद्या थांबू, असं म्हणून ती पुढे जायची.

एका सकाळी पुढच्या सगळ्या गाड्या अचानक थांबल्या. सायाळ वैतागून मान उंच करून बघते तर रस्ता ओलांडत एक माळ चालली होती. पुढे चिचुंद्री. तिच्या शेपटीचं मूळ तोंडात धरून एक पिल्लू, त्याच्या मागे तसंच दुसरं, त्याच्या मागे तिसरं. सगळ्यात शेवटचं इतकं लहान होतं की ते चालतंय की ओढलं जातंय तेच कळत नव्हतं.

सायाळीने गाडी तिथेच सोडली आणि धावत गेली. "अगं, कधी झाली ही?"

आवाज ओळखून चिचुंद्री थांबली. मागची माळ एकावर एक आदळली. "झाली की. आता चालायलाही लागली."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगायचं होतं गं." चिचुंद्रीच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर सायाळीला बरं वाटलं असतं. "आधी पोटात असताना सांगणार होते. मग झाल्यावर. बांधाशी उभी राहून हाकही मारायचे. पण गाडीचा आवाज ऐकून हाक मारेपर्यंत तू पुढे गेलेली असायचीस."

सायाळ शेवटच्या पिल्लाजवळ वाकली. मग एकदम म्हणाली, "चल, तुम्हा सगळ्यांना सोडते घरी."

चिचुंद्री हसली. "कुठे बसवतेस?"

सायाळीने वळून गाडीकडे पाहिलं. मागची सीट उन्हात चकाकत होती. तिच्यावर एक पिल्लूसुद्धा धड बसलं नसतं. "आम्ही जातो आमचे ओळीने," चिचुंद्री म्हणाली. "तू हो पुढे, लोक खोळंबलेत." तिने एक पाऊल टाकलं, मागच्यांनी टाकलं, आणि माळ बांधाच्या कडेने सरकत गवतात दिसेनाशी झाली.

दुसऱ्याच दिवशी सायाळ जुनी गाडी परत मागायला माकडाकडे गेली. माकड ओरडलं नाही, हसलंही नाही. "तुमची ती गाडी रानडुकरांनी नेली. पोरंबाळं खूप आहेत त्यांना," ते म्हणालं आणि तशीच लांब सीटची दुसरी गाडी शोधून दिली.

आता सायाळ पुन्हा ताठ बसून बाजारात जाते. बांध आला की गाडी अगदी हळू करते आणि हाक मारते. चिचुंद्री भेटली तर तीही थांबते, छान बोलते, पिल्लं कशी आहेत ते सांगते. "बस ना," सायाळ म्हणते. "राहू दे गं, आता चालायची सवय झाली," चिचुंद्री म्हणते. सासूचं भांडण, नवऱ्याचं घोरणं ती आता सांगत नाही, आणि सायाळीला विचारायचा धीर होत नाही. दोघी थोडा वेळ बरोबर जातात, एक गाडीवर, एक पायी. मग वळण येतं आणि चिचुंद्री आपल्या वाटेने गवतात शिरते.

तात्पर्य : रोजच्याच रस्त्यावर वेगाने फारसं काही हाती लागत नाही. सोबत मात्र सुटू शकते, आणि सुटलेली सोबत गाडी परत बदलली म्हणून परत येत नाही.