रुमालाखालची दोन बोटं

फार पूर्वी डोंगरापलीकडच्या साळिंदरांची रताळी माकडशेठ विकत घ्यायचे. एकेकाचा पंजा रुमालाखाली धरून ते बोटं दाबत. जितकी बोटं, तितकी मापं ज्वारी टोपलीमागे. आपला भाव कुणी कुणाला सांगायचा नाही, अशी रीत होती.

यंदा तरणी चंद्री पहिल्यांदाच बाजारात आली. टोपलीला चार मापं मिळाली, तरच तिला पाट खणून दुसरं पीक घेता येणार होतं. शेठनी दोनच बोटं दाबली. "तुला म्हणून दोन. इतरांना एकच."

चंद्रीने शेजारच्या तात्यांना विचारलं, "तुम्हाला किती?"

"गप गं! असं विचारतात का?" तात्या खेकसले. "शेठ उठून गेले तर सगळ्यांची रताळी सडतील."

शेठ खरंच उठले. चंद्रीच्या अंगावरचे काटे ताठ झाले. तिने रुमाल हिसकावून फेकला आणि दोन बोटं उंच धरली. "मला दोन! एकटीलाच, म्हणे!"

तात्या आपल्या पंजाकडे बघत राहिले. त्या एका जादा मापाच्या तोऱ्यात त्यांनी जन्म काढला होता. हळूहळू त्यांची दोन बोटं वर गेली. मग साऱ्या बाजाराची दोन-दोन बोटं वर आली.

तात्यांनी रुमाल जमिनीवर अंथरला आणि आपली टोपली त्यावर ओतली. चंद्रीने आपली ओतली. बघता बघता ढीग रुमालाबाहेर पसरला.

"बसा शेठ," तात्या म्हणाले. "आता भाव तोंडाने बोला."