वांगकाकांची वेणी

फार मागे, चीनमध्ये बादशहा होता तोवर पुरुषांना लांब वेणी ठेवावीच लागे. मग बादशहा गेला आणि शिपाई वेशीवर उभे राहून दिसेल त्याची वेणी कापू लागले. वांगकाकांची कापलेली वेणी एका चिमणीने उचलली आणि घरट्यात पिल्लाखाली अंथरली. त्या दिवसापासून तिची झोप उडाली. बादशहा परत आला तर? ती दोन हंगाम शाळेच्या वळचणीला राहिलेली, म्हणजे शिकलेली होती. त्यामुळे कशाकशाची काळजी करता येते, हे तिला नेमकं ठाऊक होतं.

आणि बादशहा खरंच परत आला. वांगकाका धापा टाकत झाडाखाली आले. "चिमणीबाई, वेणी द्या हो! बिनवेणीचा दिसलो तर मान जाईल माझी."

पिल्लू गारठेल हे दिसत होतं, तरी तिने वेणी खाली टाकली आणि पिल्लाला पंखाखाली घेऊन बसली.

बाराव्या दिवशी बादशहा पुन्हा गेला. काका वेणी घेऊन हजर. "ठेवून घ्या बाई! आता ही सापडली तर मान जाईल."

चिमणीने वेणी पुन्हा नीट अंथरली. आता पिल्लाला जगाची रीत समजावलीच पाहिजे, म्हणून तिने घसा साफ केला. "बाळा, राज्यं येतात, राज्यं जातात, आणि आपण..." पुढचं तिला सुचेना. शाळेत तो धडा चालू असताना ती बहुधा अळ्या टिपत होती.

पिल्लू म्हणालं, "आई, ही वेणी पहिल्यापासून टोचते गं. मला पंखाखालीच घे ना."