सिंहाच्या तोंडाचा पहिला मान

सिंहाच्या तोंडात डोकं घालायचं! तेही मध्यंतर संपल्यावर, घंटा वाजली की लगेच! आणि घालायचं कुणी? मी!

मी म्हणजे हैबती, वडजाई संस्थानच्या राजेसाहेबांना वारा घालणारा. सरकार बसतील तिथं मागे उभं राहून भला मोठा पंखा हलवायचा, एवढंच माझं काम. नाव हैबती, पण घरात झुरळ निघालं की खाटेवर पहिली उडी माझी!

झालं असं, गावात सर्कस आली आणि सरकारांनी वाड्यावरच्या चाकरांना घरच्यांसकट दुपारचा खेळ दाखवायचं ठरवलं. माझी आजी, आई, बायको गजरा आणि लेक बनू, सगळ्या सरकारांच्या कोचामागच्या बाकावर शेंगा फोडत बसल्या होत्या. हत्ती स्टुलावर बसला तशी आजी म्हणाली, "बघा, आमचा हैबत्या जेवायलासुद्धा इतका सरळ कधी बसला नाही!" झुल्यावरच्या पोरी उडाल्या की आई डोळ्यांवर हात ठेवायची आणि बोटांच्या फटीतून सगळं बघायची. काय सांगू, अशी मजा आमच्या घरानं जन्मात केली नव्हती.

मग सिंह आला. रिंगमास्तरानं त्याचा जबडा उघडून डोकं आत घातलं. तंबू चिडीचूप! सरकारांनीसुद्धा श्वास रोखला. नेमकी तेव्हाच माझी जीभ वळवळली. बनूकडे वळून मी म्हणालो, "हॅ! यात काय मोठंसं? आपल्या घरात चार पिढ्या कुणी जनावराला भ्यालं नाही. मी तर डोळे मिटून घालीन डोकं!"

हळू बोललो असतो तर निभावलं असतं. पण बढाई कधी हळू मारतात का?

सरकार मागे वळले. "वा हैबती! मग मध्यंतरानंतर तूच घाल."

"सरकार, मी आपली गंमत..."

"आम्ही गंमत करत नाही! घातलंस तर शाबास. नाही घातलंस, तर उद्या सकाळी चारही पिढ्या घेऊन वेशीबाहेर!"

सरकारांचा हट्ट अख्ख्या मुलखाला ठाऊक. एकदा बोलले की ब्रह्मदेव आला तरी शब्द फिरायचा नाही. मध्यंतर झालं, सरकार चहा प्यायला उठले आणि मी धावलो आजीकडे. "आजी, तू मोठी. तू नको म्हण, म्हणजे मी सुटेन!"

"नको कशापायी?" आजी म्हणाली. "मला पुढं बसव म्हणजे नीट दिसंल. आणि त्या धाकट्या जावेला बोलावणं धाड, लई तोरा मिरवते नातवाचा!"

आई बाकावर डोळे पुसत होती. मला जरा बरं वाटलं. आईचं काळीज ते आईचंच! जवळ गेलो, तर ती मघाचा विदूषक आठवून हसून हसून रडत होती. बनू म्हणाली, "आबा, आत गेल्यावर सिंहाची पडजीभ बघून या हं!"

राहिली गजरा. ती शांतपणे म्हणाली, "ही जीभ एक दिवस तुम्हाला खड्ड्यात घालणार, हे मला लग्नाच्या मांडवातच कळलं होतं. आता नुसते जाऊन उभे राहा. तोंड उघडलंत तर सिंहाच्या आधी मीच खाईन!"

घंटा वाजली. मी रिंगणात उभा राहिलो. सिंहानं माझ्याकडे बघून जिभल्या चाटल्या. आता गजराशिवाय मला कुणी नाही, हे मला मनापासून पटलं.

तेवढ्यात ती पदर सावरत सरकारांपुढे आली आणि तिनं मुजरा केला.

"सरकार, आमचे धनी तयार आहेत. पण मुलखाची रीत कशी मोडायची? होळी आधी सरकारांनी पेटवायची, मग रयतेनं. दसऱ्याचं सोनं आधी सरकारांनी लुटायचं. बेंदराच्या मिरवणुकीत पाटलाचा बैल वाड्याच्या बैलापुढं गेला, तर सरकारांनी आठ दिवस कोंडवाड्यात घातला!"

"बरोबरच केलं आम्ही! पहिला मान आमचाच!"

"तेच म्हणते मी! या मुलखातल्या माणसानं सिंहाच्या तोंडात डोकं घालायचा आज पहिलाच दिवस. एवढा मोठा मान पंखेवाल्यानं आधी घेतला, तर लोक काय म्हणतील? आधी सरकारांनी घालावं. मागनं आमचे धनी आहेतच!"

सरकारांनी सिंहाकडे बघितलं. सिंहानं जांभई दिली.

सरकारांच्या शेजारी बसलेले दिवाणजी पुढे सरसावले. "पण बाई, रिंगमास्तरानं मघाशीच घातलं की!"

"तो परमुलखातला पाहुणा, दिवाणजी. पाहुण्याला जेवण असतं, मान नसतो!"

"आणि सरकारांनी आपला मान सोडला तर?"

"तर दुसरा मान तुमचाच की! तुमच्यामागनं मामलेदार, मग पाटील, मग कुलकर्णी. सगळ्यांचं आटपलं की आमचे धनी!"

दिवाणजींचा हात आपसूक मानेकडे गेला. "सरकार," ते घाईघाईनं म्हणाले, "सिंह फार दमलेला दिसतोय. आज राहू दे म्हणतो मी!"

सरकार आधी गालात हसले, मग पोट धरून हसले. अख्खा तंबू हसला. सगळ्यांत मोठ्यानं आमची आजी हसली!

"हरलो बाई!" सरकार डोळे पुसत म्हणाले. "हा मान आम्हाला नको, आणि आमच्या आधी तो कुणीही घ्यायचा नाही! दिवाणजी, हिला जरीचं लुगडं द्या. आणि सर्कस आहे तोवर रोज आमच्या कोचावर हिच्या घरच्या बायका बसतील!"

मी हात जोडून पुढे झालो. "आणि मी, सरकार?"

"तू? तू मागे उभा राहा आणि त्यांना वारा घाल!"