कुणाची चार बोटं?

मुलांनो, चार बोटं म्हणजे किती, सांगाल? तुम्ही म्हणाल, हे काय विचारणं झालं! पण खाडीकाठच्या एका कोळीवाड्यात याच प्रश्नाने मोठा घोळ घातला होता.

त्या कोळीवाड्याचा पाटील होता जोमा. खाडीतले मासे कमी होऊ लागले, तेव्हा राणीने दवंडी पिटवली, "जाळ्याचं भोक चार बोटं रुंद हवं. पिल्लं निसटू द्या. ऐकणार नाही त्याचं जाळं जप्त!"

जोमा गालात हसला. त्याने तान्ह्या नातवाची चार बोटं लावून जाळं विणलं. शिपाई तपासायला आला, तर जोमाने ते पोरच पुढे केलं.

"मोजा की! बोटं कुणाची, हे दवंडीत कुठे होतं?"

सगळा कोळीवाडा खो खो हसला. मग घरोघरी तेच माप झालं. ज्याच्याकडे तान्हं नाही, तो शेजारचं मागून आणी.

तीन वर्षांत खाडी रिकामी झाली. तळहाताएवढा जिताडा मासाही मिळेना. तेव्हा राणी स्वतः होडीत बसून आली. जोमाच्या जाळ्यावरून हात फिरवत तिने विचारलं, "ही बोटं कुणाची रे?"

जोमाची मान खाली गेली. "थोरला नातू मोठा झाला, राणीसाहेब. आता नातीची मोजतो."

राणी रागावली नाही. "मग तुझा खुंटही तिचाच. आजपासून खाडीत रोवलेल्या ज्या खुंटाला तुम्ही जाळं बांधता तो, आणि त्याच्याभोवतीचं पाणी, घरातल्या धाकट्या लेकराच्या नावे. तुम्ही नुसते राखणदार. बारीक जाळं टाकील त्याचा खुंट शेजाऱ्याला. शिपाई आता येणार नाहीत."

"पण मासा काय एका जागी बसतो? मी सोडला तर शेजारचा पोशा धरील!"

"पोशाच्या घरीही पाळणा हलतोच ना?" एवढंच बोलून राणी गेली.

पुढच्या हंगामात एका संध्याकाळी जोमा कमरेएवढ्या पाण्यात खुंटाशी उभा होता. खांद्यावर तेच बारीक जाळं. सवय जाते थोडीच! घरात कालवणाला मासा नव्हता, आणि पोशाची होडीही कुठे दिसत नव्हती.

इतक्यात भरती लागली आणि पाणी थरथरलं. जिताड्याची पिल्लं आली होती. किती? आभाळातल्या चांदण्या कुणी मोजल्यात? सगळी खाडी उकळत्या चांदीसारखी लखलखली. जोमाने जाळं उचललं. टाकणार, तोच पुटपुटला, "अरे, हे तर माझ्या नातीचं!"

त्याने जाळं खांद्यावर ठेवलं आणि पाण्यात हात बुडवून बोटं पसरली. एकेक पिल्लू त्याच्या चार बोटांमधून सुळकन निघून गेलं. साठ वर्षं खाडीत काढली, पण हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. पाहायच्या आत जाळं पडायचं. त्याचे हात आपोआप जोडले गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोमाने ते बारीक जाळं घराच्या आढ्याला टांगलं आणि त्याची नातीसाठी झोळी केली.

तात्पर्य: धाकाने माणूस पळवाट शोधतो, पण जे आपल्या लेकराचं आहे असं त्याला कळतं, ते तो धाकावाचून राखतो.